लिंगवर्धनाचा बाजार : किती खरे, किती खोटे?

रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर, एसटी स्थानकांच्या मुताऱ्यांत चिकटवलेली पत्रके सर्वांनीच पाहिलेली असतात. 'गुप्तरोग', 'बालपणीच्या चुका', 'इंद्रियाचा आकार वाढवा, इलाज खात्रीशीर'. आता हीच जाहिरात मोबाइलवर दिसते आणि यंत्र घरपोच येते. लग्न ठरलेला तरुण कोणाजवळ बोलू शकत नाही, म्हणून गुपचूप पैसे भरतो. फसला तरी लाजेपोटी तक्रार करत नाही. या धंद्याचे खरे भांडवल ही लाजच आहे.

ही लाज घालवण्यासाठी र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. मुंबईचे डॉ. महिंदर वत्स नव्वदी ओलांडल्यावरही वृत्तपत्रातून लैंगिक शंकांना उत्तरे देत. डिसेंबर २०२० मध्ये, ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आकाराची चिंता हा वाचकांच्या पत्रांतला नेहमीचाच विषय होता.

माप किती असावे?

लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०१५ मध्ये १५ हजारांहून अधिक पुरुषांची मापे एकत्र तपासली. ताठर अवस्थेतील सरासरी लांबी सुमारे १३ सेंटिमीटर निघाली, शिथिल अवस्थेतील सुमारे ९. वैद्यकीयदृष्ट्या खरोखर लहान शिश्न फार विरळा आढळते. ते बहुधा जन्मापासूनच्या हार्मोन्सच्या दोषामुळे असते आणि त्यावर बालपणीच उपचार व्हावे लागतात. तक्रार घेऊन येणारे बहुतेक पुरुष मात्र अगदी सामान्य असतात.

यंत्रे काय करतात?

ताण देणारे यंत्र रोज चार-सहा तास, कित्येक महिने लावावे लागते. छोट्या अभ्यासांत एक-दोन सेंटिमीटरची वाढ दिसली, पण अनेकांनी ते मध्येच सोडले. ताण जास्त झाला तर सूज, वेदना, बधिरपणा येतो. शिश्न वाकडे होण्याच्या आजारात तज्ज्ञ डॉक्टर हे यंत्र वापरतात, ती गोष्ट वेगळी. हवा ओढून घेणारा पंप ताठरतेच्या तक्रारीवर उपयोगी आहे, पण त्याने आकार कायमचा वाढत नाही.

शस्त्रक्रिया : लाभ थोडा, धोका मोठा

शस्त्रक्रियेत शिश्नाला जांघेच्या हाडाशी बांधून ठेवणारा अस्थिबंध कापतात. त्यामुळे आत दडलेला भाग थोडा बाहेर लोंबतो, ताठर लांबी मात्र वाढत नाही. उलट आधार जातो. व्रण आकसला तर लांबी घटूही शकते. जाडीसाठी टोचलेली चरबी शरीरात विरून जाते किंवा तिच्या गाठी होतात. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या मते या दोन्ही पद्धती सुरक्षित वा परिणामकारक असल्याचे सिद्ध झालेले नाही.

कायदा काय सांगतो?

१९४५ च्या औषध नियमांतील 'जे' परिशिष्टानुसार जननेंद्रियाचा आकार सुधारण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. असा दावा दिसल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

मग करावे काय?

पोट सुटलेल्या पुरुषांत चरबीमुळे शिश्न लहान भासते, तेथे वजन घटवणे हाच उपाय. शंका असल्यास मूत्ररोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. तपासणीत सारे ठीक निघूनही मन खात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यात कमीपणा नाही. शिश्नावर न भरणारी जखम किंवा गाठ दिसली, तर तेले चोळत दिवस घालवू नयेत, कारण तो कर्करोगही असू शकतो. कर्करोगाच्या उपचारासाठी आता मुंबईच गाठायला हवी असेही नाही. टाटा स्मारक केंद्राचे एक रुग्णालय २०२२ पासून चंदीगडजवळच्या मुल्लानपूर येथेही आहे.

वैवाहिक सुख सेंटिमीटरमध्ये मोजता येत नाही. मुलगा वयात येताना वडिलांनी एवढे जरी त्याला सांगितले, तरी पुढे तो भोंदूच्या दारात उभा राहणार नाही.