बंद फ्लॅटचा वास घालवायचा कसा? गंगापूर रोडचं घर गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी एवढं करा

नाशिक : पोरं केटीएचएमला नाहीतर मविप्रच्या इंजिनिअरिंगला शिकायला आली म्हणून निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या कितीतरी कुटुंबांनी द्राक्ष-कांद्याच्या पैशातून गंगापूर रोडला फ्लॅट घेऊन ठेवले. पुढे पोरं नोकरीला पुण्या-मुंबईला गेली आणि फ्लॅटला कुलूप लागलं. आता तो विकायचा किंवा भाड्याने द्यायचा म्हटलं की रविवारी गिऱ्हाईक येतं, दार उघडतं आणि आतून कोंदट वासाचा भपकारा येतो. गिऱ्हाईक तोंडावर काही बोलत नाही. ‘बघू, कळवतो’ म्हणतं, नाहीतर भाव पाडून मागतं.

यावर बहुतेकांचा उपाय ठरलेला. रूम फ्रेशनर मारायचा किंवा पाच-सहा उदबत्त्या एकदम लावायच्या. चाळीत कांदा सडला तर शेतकरी चाळीवर अत्तर शिंपडत नाही, सडका कांदा हुडकून बाहेर फेकतो. घराचंही तसंच आहे. फ्रेशनरने मूळ वास जात नाही, त्याच्यावर दुसरा वास बसतो आणि तासाभरात उडून जातो. उलट घरात फारच घमघमाट असला की इथं काहीतरी झाकलंय, असा संशय गिऱ्हाइकाला येतो.

बंद फ्लॅटमधला वास बऱ्याचदा बाथरूमच्या जाळीतून येतो. जाळीखाली ट्रॅप असतो. त्यात साधारण दोन इंच पाणी कायम साठून राहतं आणि ड्रेनेजमधला वायू तेच पाणी अडवतं. घर बंद असलं, त्यात उन्हाळा असला, की काही आठवड्यांत हे पाणी वाळून जातं. मग सगळ्या बिल्डिंगच्या पाइपातला सडक्या अंड्यासारखा वास थेट घरात. उपाय फुकटाचा आहे. प्रत्येक जाळीत अर्धी बादली पाणी ओता, कमोड फ्लश करा, बेसिनचे नळ सोडा. बाल्कनीतली आणि वॉशिंग मशीनची जाळी हमखास विसरते, तिथेही ओता. परत महिनाभर कुलूप लागणार असेल तर पाण्यावर दोन चमचे खायचं तेल सोडा. तेलाचा थर वर तरंगतो आणि पाणी लवकर वाळत नाही. पाणी टाकूनही दुसऱ्या दिवशी वास असेल तर ट्रॅप फुटलाय किंवा बसवलेलाच नाही असं समजून प्लंबर बोलवा.

दुसरं कारण ओल. पावसाळ्यात खिडकीच्या चौकटीतून, गच्चीतून किंवा शेजारच्या बाथरूममधून भिंतीत पाणी मुरतं आणि बुरशी धरते. कुबट वास हा त्या बुरशीचाच. अशा भिंतीवर नुसता रंग मारून घर दाखवणारे पुष्कळ आहेत. तो रंग पुढच्या पावसाळ्यात फुगून पापुद्रे पडतात. आधी पाणी कुठून येतं ते बंद करायचं, भिंत नीट वाळू द्यायची, मगच रंग. बुरशी कोरड्या फडक्याने झटकू नये, ती घरभर उडते. तोंडाला रुमाल बांधून ओल्या फडक्याने पुसावी. प्लायवूडची कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून मागची बाजू बघावी. गाद्या-गोधड्यांना दोन दिवस कडक ऊन दाखवावं. फ्रिज बंद ठेवायचा असेल तर खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून त्याचं दार किलकिलं ठेवावं. दाराच्या रबरात काळी बुरशी बसते, तिथे जुना टूथब्रश चालतो. साफसफाईच्या भरात संडासचं अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर मात्र एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

खरी भीती वेगळीच आहे. गावाकडचा वर्षाचा गहू फ्लॅटच्या एखाद्या खोलीत ठेवायचा आणि किड्यासाठी त्यात सेल्फॉसच्या गोळ्या टाकायच्या, हा प्रकार राहत्या घरात कधीच करू नये. ही गोळी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो. त्याच्यावर उतारा नाही, आणि भिंतीच्या फटीतून तो शेजारच्या घरातही जातो. बंद घर उघडल्यावर लसणासारखा किंवा कुजक्या माशासारखा वास आला तर आत जाऊन पोती हलवत बसू नका. बाहेर या, शेजाऱ्यांना सांगा आणि पेस्ट कंट्रोलच्या जाणत्या माणसाला नाहीतर फायर ब्रिगेडला बोलवा. असा वास आलाच नाही म्हणून निर्धास्त होऊ नये, थोड्या प्रमाणातला फॉस्फिन नाकाला कळेलच असं नाही.

गॅस सिलिंडर तसाच ठेवून गेला असाल तरी काळजी घ्या. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने फरशीलगत साठतो. तो वास आला तर लाइटचं बटण दाबू नका, उदबत्ती तर मुळीच लावू नका. आधी दारं-खिडक्या उघडा आणि रेग्युलेटर बंद करा.

ही कामं घर दाखवण्याच्या आदल्या दिवशी उरकत नाहीत, निदान आठ-दहा दिवस हाताशी ठेवावेत. दाखवायच्या दिवशी समोरासमोरच्या खिडक्या तासभर उघड्या टाकून पंखे लावावेत. त्या दिवशी सुकट-बोंबील नको, फोडणीही नको. एवढं केल्यावर टेबलावर मोगऱ्याची चार फुलं किंवा लिंबाच्या साली ठेवल्या तरी पुष्कळ होतं. घरात राहणाऱ्याला आपल्या घराचा वास कळत नाही, नाक त्याला सरावलेलं असतं. म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी गावाकडून आलेल्या एखाद्या पाहुण्याला दारातून आत पाठवून विचारावं. पाहुणे खरं सांगतात, फार खरं सांगतात.

घेणाऱ्यांनीही हेच उलट बाजूने बघावं. फ्लॅट एकदा उन्हाळ्यात आणि जमलं तर एकदा भर पावसात बघावा. आत गेल्या गेल्या हॉलमध्ये बसू नये. आधी बाथरूमचं दार उघडावं, कपाटाचा खालचा कप्पा हुंगावा, खिडकीखालच्या भिंतीला हात लावून बघावा. मालकाने उदबत्ती लावली असेल तर ती विझेपर्यंत गप्पा मारत थांबावं.