टायर मोठा, मीटर मागे

सोयाबीनचा हंगाम सुरू झाला की लातूरच्या मार्केट यार्डात ट्रकांची रीघ लागते. माल उतरतो, भरतो, नांदेडकडे, सोलापूरकडे निघतो. महिनाअखेरीला मालक डायरी आणि पंपाच्या पावत्या घेऊन बसतो आणि ठरलेला प्रश्न येतो, "ॲव्हरेज का पडलंय रे?" ड्रायव्हर सांगतो, "मालक, टाकी फुल करूनच निघतो. थेंबभर तेल इकडचं तिकडं झालं नाही." मालकाला ते पटत नाही. मागच्या महिन्यापेक्षा आकडा कमी दिसतो, म्हणजे डिझेल कुठेतरी गेलं, असाच अर्थ निघतो. पगारातून पैसे कापले जातात, कधी माणूसच बदलला जातो.

अशा वेळी ड्रायव्हरकडे बोट दाखवण्याआधी वाकून मागचे टायर बघावेत, असं माझं म्हणणं आहे. ते अलीकडेच बदलले असतील आणि आधीपेक्षा मोठे बसवले असतील, तर त्या माणसाने काहीही केलेलं नसण्याची दाट शक्यता असते.

स्पीडोमीटरला रस्ता कळत नाही, त्याला फक्त फेऱ्या कळतात. बहुतेक ट्रकांत गिअरबॉक्समधून मागे जाणारा शाफ्ट किती फिरला, एवढंच मीटरपर्यंत पोचतं. एका फेरीत गाडी किती पुढे सरकते, हा आकडा कंपनीने मूळ टायर धरून पक्का केलेला असतो. टायर मोठा झाला की प्रत्येक फेरीत गाडी जास्त अंतर कापते, मीटर मात्र जुनाच हिशोब लावत राहतं. म्हणून वेगही कमी दिसतो आणि किलोमीटरही कमी पडतात. आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. गिअरबॉक्समधून चालणाऱ्या मीटरला पुढच्या टायरांशी देणंघेणं नसतं. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळते, तेव्हा फरक पडतो तो मागच्या टायरांनी.

जुन्या ट्रकांत 9.00-20 हे माप असे. त्याच्या जागी 10.00-20 बसवणं ही नेहमीची गोष्ट. पहिल्याचा व्यास साधारण 1018 मिलिमीटर, दुसऱ्याचा साधारण 1054. फरक साडेतीन टक्क्यांचा. ऐकायला किरकोळ वाटतो, म्हणून रस्त्यावर मांडून बघू. लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला जाणारा राष्ट्रीय महामार्ग 361 चा टप्पा सुमारे 140 किलोमीटरचा आहे. मीटरवर ते 135 दिसतील. म्हणजे एका खेपेत पाच किलोमीटर हिशोबातून गायब. ट्रक खरोखर 1035 किलोमीटर चालला आणि 250 लिटर डिझेल लागलं, तर ॲव्हरेज 4.14 चं आहे. मीटरवर 1000 च दिसल्यामुळे डायरीत पडतं चार. गाडी किलोमीटरवर भाड्याने दिली असेल, तर मालकाचंही नुकसान होतं. ऑइल बदलणं, ग्रीसिंग हे सगळंही तेवढंच उशिरा होतं.

वेगाची बाजू याहून गंभीर आहे. मीटरवर 80 असताना गाडी जवळपास 83 ने पळत असते. मालवाहू गाड्यांना दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर 80 ची आणि इतर रस्त्यांवर 60 ची मर्यादा केंद्राने 2018 साली ठरवली. जड वाहनाने ती ओलांडली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन ते चार हजारांचा दंड आहे. वेगनियंत्रक बसवला असला तरी तो ज्या सेन्सरवर अवलंबून असतो तोच आता चुकीचं सांगतो, म्हणून 80 ला लावलेला लगाम प्रत्यक्षात 83 ला लागतो. स्पीडोमीटरसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 39 क्रमांकाच्या नियमाचं मूळ सूत्रच असं आहे की मीटरने खऱ्यापेक्षा थोडा जास्त वेग दाखवला तर चालेल, कमी कधीच दाखवू नये. मोठा टायर नेमकी तीच चूक करायला लावतो.

पण थोडं थांबा. कंपन्या मुळातच मीटर किंचित पुढे ठेवतात. खरा वेग 76 असताना 80 दाखवणारं मीटर असेल, तर मोठ्या टायरनंतर ते जवळपास बरोबर दाखवू लागतं. तरी किलोमीटरची नोंद चुकलेलीच राहते, कारण काटा पुढे ठेवलेला असला तरी किलोमीटरच्या आकड्यांना तशी सूट बहुधा नसते. म्हणून वेग आणि अंतर दोन्ही वेगवेगळे तपासावेत. वेगासाठी मोबाइलवरचं जीपीएस पुरेसं आहे, मात्र सरळ रस्त्यावर, वेग स्थिर ठेवून आणि शेजारी बसलेल्याने पाहून. अंतरासाठी महामार्गावरचे किलोमीटरचे दगड आहेतच. निदान वीस-पंचवीस दगड मोजावेत, एक-दोन दगडांत काही कळत नाही.

टायर स्वतः मोजायचा असेल तर मार्केट यार्डातल्या सिमेंटच्या सपाट जागेसारखी जागा नाही. गाडीत नेहमीचा माल असावा, हवा ठरल्याप्रमाणे भरलेली असावी. मागच्या बाहेरच्या टायरवर, बरोबर जमिनीला टेकतो तिथे, खडूने रेघ मारायची आणि तशीच एक जमिनीवर. गाडी अगदी हळू, सरळ पुढे घ्यायची. रेघ पाचव्यांदा खाली आली की तिथे दुसरी खूण करायची. टेपने अंतर मोजून पाचाने भागायचं. 10.00-20 च्या पाच फेऱ्यांना सोळा मीटरच्या आसपास अंतर येतं, 9.00-20 ला साडेपंधरा. तो अर्धा मीटर डोळ्यांनी पाहिला की टक्केवारी समजावून सांगावी लागत नाही. व्यासाला 3.14 ने गुणून मात्र हे उत्तर मिळत नाही, कारण ओझ्याखाली टायर दबतो आणि एका फेरीतलं अंतर थोडं कमी भरतं.

आता दुरुस्ती. केबलवर चालणाऱ्या जुन्या मीटरचं तत्त्व जर्मनीच्या ऑटो शुल्झे यांनी 1902 साली पेटंट केलं. केबलने फिरणारं चुंबक ॲल्युमिनियमच्या वाटीला आपल्यामागे ओढतं, बारीक स्प्रिंग तिला अडवते आणि काटा त्या दोघांच्या मधे कुठेतरी स्थिरावतो. इथे खरा उपाय म्हणजे केबल फिरवणारी दातेरी पिनियन बदलणं. टायर मोठा झाला की कमी दात्यांची पिनियन लागते, म्हणजे केबल जरा जोरात फिरते. काही मिस्त्री मीटर उघडून नुसता काटा सरकवून देतात. ते करू देऊ नये. काटा सरकवल्याने सगळ्या वेगांत सारखाच आकडा वाढतो, चूक मात्र वेगाबरोबर वाढत जाते. 60 ला जमवलं तर 20 ला आणि 80 ला फसतं, आणि किलोमीटर तर मुळीच सुधारत नाहीत.

इलेक्ट्रॉनिक मीटरच्या गाडीत सेन्सरकडून दर किलोमीटरला किती पल्स, म्हणजे विद्युत ठोके, येतात हा आकडा संगणकात भरलेला असतो. अधिकृत वर्कशॉपमध्ये निदानयंत्र जोडून टायरचं माप बदलता येत असेल, तर तोच सरळ मार्ग. सेन्सर आणि मीटर यांच्या मधे बसवून पल्स कमी-जास्त करणारे डबेही बाजारात मिळतात. त्यांनी आकडा जुळतो, पण तार जोडण्याआधी वेगनियंत्रक कुठून सिग्नल घेतो ते विचारावं. नाहीतर मीटर बरोबर दाखवेल आणि नियंत्रक जुन्याच हिशोबावर राहील.

मोठा टायर बसवावा का, यावर माझं मत स्पष्ट आहे. कंपनीने त्या मॉडेलला मान्य केलेलं माप असेल तरच. जास्त माल ओढता येतो म्हणून बसवू नये. ॲक्सल, स्प्रिंग, ब्रेक तेच राहतात, उलट मोठ्या टायरला थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो. मागच्या जोडीतले दोन टायर भरलेल्या गाडीत एकमेकांना घासू लागले तर ते तापतात आणि फुटतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि 182अ प्रमाणे मालकाला दर बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

माप न बदलताही मीटर हलतं, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. नव्या टायरची नक्षी 15 मिलिमीटर खोल असेल आणि ती झिजून दोनवर आली, तर व्यास 26 मिलिमीटरने घटतो. 10.00-20 ला हा फरक अडीच टक्क्यांचा. मग उलटं होतं, मीटर जास्त किलोमीटर दाखवतं आणि ॲव्हरेज खोटंच चांगलं दिसतं. झिजलेले काढून नवे टायर घातल्याच्या महिन्यात ॲव्हरेज अचानक पडतं, आणि संशय पुन्हा त्याच ड्रायव्हरवर येतो.

युरोपात जड वाहनांच्या टॅकोग्राफची, म्हणजे वेग आणि अंतर नोंदवणाऱ्या यंत्राची, दर दोन वर्षांनी तपासणी होते, आणि टायरचा घेर बदलला की त्याआधीच. गाडीत टायरचं माप आणि घेर लिहिलेली पट्टी चिकटवतात. आपल्याकडेही मालकाने केबिनच्या दाराच्या आत टायरचं माप, पाच फेऱ्यांची लांबी, मीटरचा आकडा आणि तारीख लिहून ठेवावी. नवे टायर टाकले की ओळ खोडून दुसरी लिहायची, आणि ॲव्हरेजचा हिशोब त्या तारखेपासून नव्याने धरायचा.