निळ्या पडद्याचा जबाब

चालू कामात पडदा एकदम निळा होतो, त्यावर चार ओळी उमटतात आणि मशीन आपोआप रीस्टार्ट होतं. दुकानात आलेलं गिऱ्हाईक सांगतं, "विंडोज उडालं." बऱ्याच ठिकाणी त्यावर एकच इलाज होतो, फॉरमॅट. ही घाई मला पटत नाही. सदोष रॅमवर नवं विंडोज टाकलं तरी आठवड्याभरात तोच पडदा पुन्हा दिसतो आणि गिऱ्हाइकाचे फोटो मात्र कायमचे जातात.

हा पडदा विंडोज मुद्दाम दाखवतं. ब्राउझर फसला तर तेवढाच बंद करता येतो. बरेचसे ड्रायव्हर मात्र थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालतात. त्यांतल्या एखाद्याने भलत्याच पत्त्यावरच्या मेमरीला हात घातला, तर पुढे काय बिघडेल याचा भरवसा राहत नाही. म्हणून डिस्कवरच्या डेटाला धक्का लागण्याआधी सगळं जागच्या जागी थांबवलं जातं. १९९३ च्या विंडोज एनटी ३.१ पासून ही व्यवस्था आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, पडद्यावर उदास चेहरा आला आणि एररच्या कोडसोबतचे आकडे तिथून गेले. दुरुस्ती करणाऱ्यांचं त्यात नुकसानच झालं.

सुदैवाने नोंद मागे उरते. सी ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरात 'मिनीडंप' नावाचा फोल्डर असतो, त्यात सहसा प्रत्येक क्रॅशची एक फाइल असते. ब्लूस्क्रीनव्ह्यू किंवा मायक्रोसॉफ्टच्या विंडबगमध्ये ती उघडली की कोड आणि संशयित ड्रायव्हरचं नाव दिसतं. पण एका फाइलवर निकाल देऊ नये. चार-पाच साक्षीदारांचे जबाब शेजारी ठेवून वाचावेत, तशा या फाइली वाचायच्या. दरवेळी तोच कोड आणि ग्राफिक्सचा किंवा वायफायचा तोच ड्रायव्हर असेल, तर आधी तो ड्रायव्हर मागच्या आवृत्तीवर न्यायचा. सेफ मोडमध्ये मोजकेच ड्रायव्हर चालतात. तिथे मशीन तासन्‌तास टिकलं की संशय पक्का होतो. याउलट आज 'मेमरी मॅनेजमेंट', उद्या 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', परवा तिसरंच काही, आणि नाव दरवेळी वेगळ्याच फाइलचं किंवा खुद्द कर्नलचं, असं दिसलं की कॅबिनेट उघडायचं. कर्नलचं नाव पाहून विंडोजवर खापर फोडणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक. बिघाड कर्नलच्या लक्षात आला, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

कॅबिनेट उघडण्याआधी मेमटेस्ट चालवावा. तो पेनड्राइव्हवरून चालतो, विंडोज सुरूच होत नाही, त्यामुळे ड्रायव्हरचा प्रश्न उरत नाही. रात्रभरात एकही एरर आला तरी रॅमचा मार्ग तपासायलाच हवा. बायोसमध्ये रॅमचा वेग वाढवून ठेवला असेल तर तो आधी मूळ आकड्यावर आणायचा. हे फार जण विसरतात. मग प्लग काढून दोन्ही स्टिक बाहेर घ्यायच्या. सोनेरी पट्टीवर काळपट थर असेल तर खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा आणि त्याचा कण न्‌ कण ब्रशने झाडायचा. आता एकच स्टिक लावून टेस्ट, मग तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये. दोष स्टिकबरोबर हलला तर स्टिक खराब. स्लॉटपाशीच राहिला तर संशय बोर्डावर. या अदलाबदलीला वेळ लागतो, पण गिऱ्हाइकाचा फुकटचा खर्च तिच्यामुळेच वाचतो.

'डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर' आला तर तक्रार बहुधा हार्डवेअरचीच असते. प्रोसेसरचं तापमान, पंख्यातली धूळ आणि एसएमपीएस आधी पाहावेत.

एक सदोष फाइल किती दूर पोचू शकते, ते १९ जुलै २०२४ ला दिसलं. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा ड्रायव्हरला चुकीची फाइल मिळाली आणि जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोसळली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल काढणं, एवढाच उपाय होता, पण अनेक ठिकाणी तो प्रत्येक मशीनपाशी बसून करावा लागला. डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असलेल्या मशीनवर तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की शोधावी लागली. बायोसमध्ये बदल केल्यावरही विंडोज हीच की मागू शकतं. म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी गिऱ्हाइकाला ती लिहून आणायला सांगावं. बहुतेकांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती सापडते.