टाळ्या राहुललाच का पडल्या?

यश चोप्रांचा ‘डर’ २४ डिसेंबर १९९३ रोजी प्रदर्शित झाला. त्यात किरणचा पाठलाग करणाऱ्या राहुलने, म्हणजे शाहरुखने, अडखळत मारलेली ‘क्-क्-किरण’ ही हाक रत्नागिरीपासून गोंदियापर्यंतच्या गॅदरिंगमध्ये हमखास टाळ्यांची नक्कल ठरली. पाठलाग करणाऱ्या प्रेमवेड्यांच्या चित्रपटांचे स्वागत कसे झाले, याविषयी मात्र बरेच काही ऐकीव माहितीवर चालते.

गैरसमज : राहुलला शिट्ट्या मारणारा प्रेक्षकच बिघडलेला होता.

शिट्ट्या राहुललाच पडल्या, हे खरे आणि त्यामुळेच हा निष्कर्ष पटण्यासारखा वाटतो. पण ‘जादू तेरी नज़र’ हे गाणे पुन्हा नीट पाहावे. उदित नारायणचा आर्जवी आवाज येतो, किरणला वाटते आपला प्रियकर सुनीलच गातो आहे आणि ती आवाजाच्या दिशेने धावते. गाणारा असतो आडोशाला लपलेला राहुल. तिला हे ठाऊक नसते, प्रेक्षकाला असते. राहुलचे गुपित असे प्रेक्षकाच्या हाती पडते आणि तो नकळत त्याच्या बाजूला जाऊन बसतो. उत्कट गाणी, आर्जव, एकटेपणा हे सारे राहुलच्या वाट्याला. नौदलातल्या सुनीलकडे उरते ते कर्तव्य. खलनायकाचा असा उदोउदो होणार याची आपल्याला कल्पना नव्हती, ही सुनील साकारणाऱ्या सनी देओलने पुढे बोलून दाखवलेली नाराजी अगदीच निराधार नव्हती.

याची उलटतपासणी चारच महिन्यांत झाली. एप्रिल १९९४ मध्ये राहुल रवैल यांचा ‘अंजाम’ आला. नट तोच, नाव विजय, वेड तेच, पण कॅमेरा माधुरी दीक्षितच्या शिवानीबरोबर चालतो. तिचा नवरा जातो, तिला तुरुंगवास घडतो, बहीण आणि मुलगीही जाते. शेवटी कड्यावर तिचा पाय धरून लोंबकळणाऱ्या विजयला घेऊनच ती हात सोडते. इथे पाठलागाला प्रेम म्हणायला चित्रपटाने जागाच ठेवली नाही. ‘अंजाम’ला ‘डर’सारखे यश मिळाले नाही, याला इतरही कारणे असतील, पण विजयची नक्कल कुठल्या गॅदरिंगमध्ये कुणी केल्याचे फारसे आठवणार नाही.

गैरसमज : ‘डर’साठी शाहरुखला खलनायकाचे फिल्मफेअर मिळाले.

नामांकन होते, पुरस्कार नाही. त्या वर्षी तो ‘सर’साठी परेश रावळना मिळाला. शाहरुखला हा मान पुढच्या वर्षी मिळाला तो ‘अंजाम’साठी. लोकांच्या लक्षात राहुल राहिला, म्हणून फिल्मफेअरची बाहुलीही त्याच्याच नावावर जमा झाली.

गैरसमज : ‘डर’ पिटातल्या पब्लिकने चालवला, जाणकारांनी तो नाकारला.

उलट, निकोप मनोरंजन करणाऱ्या सर्वोत्कृष्ट लोकप्रिय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘डर’लाच मिळाला. मुलीला जिणे नकोसे करणाऱ्या माणसाच्या कथेला ‘निकोप’ ठरवताना परीक्षकांना काही खटकले नसावे. तेव्हा दोष एकट्या पिटाच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

गैरसमज : पाठलाग करणारी बाई दाखवली तर ते कुणाला पटत नाही.

‘प्यार तूने क्या किया’ (२००१) मध्ये उर्मिला मातोंडकरने विवाहित पुरुषामागे वेडी झालेली रिया उभी केली. त्याच्या बायकोच्या भूमिकेत सोनाली कुलकर्णी होती. उर्मिलाच्या कामाची समीक्षकांनी वाखाणणी केली. पटण्याचा प्रश्न नव्हताच. फरक वागणुकीत आहे : राहुलच्या वेडाला प्रेमगीते मिळतात, रियाच्या वेडाची अखेर मनोरुग्णालयात होते.

गैरसमज : सिनेमे पाहूनच पोरे बिघडतात, त्यांचा काय दोष?

२०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात होबार्टच्या न्यायालयात दोन स्त्रियांच्या पाठलागाबद्दल एका भारतीय तरुणावर खटला चालला. हिंदी चित्रपट पाहून त्याला हे वागणे स्वाभाविक वाटले, असा बचाव वकिलांनी केला आणि पाच वर्षे नीट वागण्याच्या अटीवर तो सुटला. या बातमीने समजुतीला बळ मिळाले. सिनेमा धीटपणा शिकवत असेलही. पण ‘डर’ कोट्यवधींनी पाहिला आणि त्यातल्या बहुतेकांनी कुणाच्या दारात रात्र काढली नाही. शिवाय भारतातला कायदा इथे संदिग्ध नाही. २०१३ च्या दुरुस्तीने पाठलाग हा भारतीय दंडविधानात स्वतंत्र गुन्हा झाला. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली येतो. स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा मागे लागणे किंवा ती इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणे, दोन्ही त्यात बसते. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत. असा त्रास होत असेल तर ११२ वर फोन करावा.