ॲपवरचे काम आणि नवा कायदा

पाठीवर मोठी पिशवी घेऊन घरोघरी जेवण पोहोचवणारी मुले आता आपल्या बेळगावातही रोज दिसतात. कंपनी त्यांना कामगार म्हणत नाही, 'पार्टनर' म्हणते. शब्द गोड आहे. पण त्यामुळे ठरलेला पगार, भविष्यनिर्वाह निधी, भरपगारी रजा यांपैकी काहीच मिळत नाही. गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचे, पंक्चरही स्वतःचेच! दर मात्र ॲप ठरवते. ही कसली भागीदारी, असा प्रश्न आम्हाला पडतो.

नीती आयोगाच्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख कामगार होते.

पूर्वी एखाद्या सकाळी आयडी बंद झालेला दिसे, विचारायचे कोणाला? कर्नाटकाने २०२५ साली यासाठी कायदा केला. आता काही गंभीर प्रकार सोडले, तर लेखी कारण आणि १४ दिवसांची पूर्वसूचना दिल्याशिवाय काम तोडता येत नाही. शिवाय कामगाराला दिलेल्या मोबदल्यावर १ ते ५ टक्के शुल्क कंपनीने कल्याण निधीत भरायचे आहे. कामगाराच्या हातच्या पैशातून ते कापायचे नाही. त्यासाठी कामगाराची मंडळाकडे नोंद लागते, व त्याला ओळख क्रमांक मिळतो. घरातले कोणी हे काम करीत असेल, तर पालकांनी तो क्रमांक मिळाला का, हे जरूर विचारावे.