लाल गाईचं चीज

पार्मिजानो रेज्जानो चीज जगभर नावाजलं, पण ज्या गाईच्या दुधावर ते घडलं ती जवळजवळ संपली होती. इटलीतल्या रेज्जो एमिलिया भागातली ही लाल ‘रेज्जाना’ गाय दूध द्यायची, नांगरही ओढायची. १९५०च्या दशकात तिची संख्या लाखाच्या वर होती. मग ट्रॅक्टर आले, भरपूर दुधाच्या काळ्या-पांढऱ्या गाई आल्या. १९८०च्या सुमारास हजारभरही लाल गाई उरल्या नाहीत. चीजच्या नावाला प्रदेशाचं संरक्षण होतं, जातीची अट नव्हती!

ती अट १९९१मध्ये शेतकऱ्यांनीच स्वतःवर घातली. फक्त लाल गाईंचं दूध, वेगळा शिक्का, आणि किमान १२ऐवजी २४ महिने मुरवण. भाव जास्त मिळू लागला, म्हणून कमी दुधाची गाय परवडू लागली.

यात विज्ञानही आहे. या गाईंत कॅपा-केसीन या प्रथिनाचा ‘बी’ प्रकार बराच आढळतो. अशा दुधात रेनेट घातलं की ते लवकर आणि घट्ट साकळतं, चीजचा उताराही वाढतो. औषधी वगैरे मात्र समजू नका. मीठ आणि चरबी यातही आहेच.

आज लाल गाई पुन्हा काही हजार आहेत.