वेदनाशमनाचा अफूविरहित मार्ग

शस्त्रक्रियेनंतर वेदनेपासून सुटका मिळावी, ही रुग्णाची अपेक्षा रास्तच होय. परंतु ती सुटका कोणत्या औषधाने मिळवावयाची, हा प्रश्न वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेत विशेष नाजूक ठरतो. मॉर्फिन, फेंटानिल यांसारखी अफूच्या कुळातील औषधे वेदनेवर प्रभावी खरी. पण तीच मेंदूतील श्वसनकेंद्राला मंदावतात. अतिस्थूल व्यक्तींत झोपेत श्वास अडखळण्याचा विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि पुष्कळदा त्याचे निदानही झालेले नसते. अशा रुग्णाच्या बाबतीत मॉर्फिनची नेहमीची मात्राही शस्त्रक्रियेच्या रात्री धोक्याची ठरू शकते. शिवाय मळमळ, ओकारी आणि गुंगी ही या औषधांची नित्याची देणगी. रुग्णाने लवकर उठून चालावे, म्हणजे पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती घटते. गुंगीत पडून राहिलेल्या रुग्णाकडून ते कसे व्हावे?

अफूजन्य गोळ्यांच्या सढळ वापराची किंमत अमेरिकेने मोजली आहे. १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन ही गोळी तेथे बाजारात आली आणि ती निर्धोक असल्याचा प्रचार झाला. पुढे बेकायदा फेंटानिलचीही त्यात भर पडली, आणि २०२२ या एका वर्षात अफूसदृश द्रव्यांच्या अतिमात्रेने तेथे ८० हजारांहून अधिक माणसे दगावली. शस्त्रक्रियेनंतरची चिठ्ठी हे व्यसनाचे एक प्रवेशद्वार आहे, हे तेथील वैद्यकाला उशिरा उमगले.

पर्याय मात्र त्याआधीच आकार घेत होता. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात असे प्रतिपादन केले की, वेदना अनेक वाटांनी येते, तेव्हा तिला अनेक ठिकाणी अडवावे. एकाच औषधाची मोठी मात्रा देण्यापेक्षा निरनिराळ्या औषधांच्या लहान मात्रा योजाव्यात, हे त्याचे सार. वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेसाठी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांनी हेच तत्त्व स्वीकारले. वेदना उसळण्याची वाट न पाहता ठराविक तासांनी पॅरासिटामॉल द्यावे. टाक्यांच्या जागी, किंवा अल्ट्रासाऊंडच्या साहाय्याने पोटाच्या स्नायूंच्या थरांत, बुपिव्हाकेनसारखे बधिर करणारे औषध टोचावे. आणि अफूजन्य औषध हाताशी ठेवावे, पण अखेरचे म्हणून.

तथापि ‘अफूविरहित’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ नव्हे. गॅबापेन्टिनसारख्या औषधांनीही, विशेषतः ज्यांचा श्वास आधीच दुबळा आहे त्यांच्यात, श्वसन मंदावू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ साली दिला. त्याहून निकटचा धोका आपल्या परिचयाच्या गोळ्यांत आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही औषधे जठराच्या अस्तराचे संरक्षण करणारी द्रव्येच घटवितात. बायपास शस्त्रक्रियेत जठराचा लहानसा कप्पा थेट लहान आतड्याला जोडलेला असतो. त्या सांध्यावर व्रण होण्याचा, तो फुटण्याचा वा त्यातून रक्त जाण्याचा संभव या गोळ्यांनी वाढतो, आणि हा धोका पुढे कित्येक वर्षे राहतो.

नेमके येथेच आपल्याकडचे दुखणे आहे. मुंबई-पुण्यात या शस्त्रक्रिया सर्रास होतात. पण चार वर्षांनी गुडघा दुखला की रुग्ण कोपऱ्यावरच्या औषधविक्रेत्याकडे जातो, आणि तो चिठ्ठीविना गोळी काढून देतो. पोटातील त्या सांध्याची दोघांनाही आठवण नसते. रुग्णालयाने घरी पाठविताना टाळावयाच्या औषधांची यादी मराठीत, ठळक अक्षरांत, रुग्णाच्या आणि घरच्यांच्या हाती द्यावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

उलट टोकही टाळले पाहिजे. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या धास्तीने आपल्या देशात कर्करोगाचे असंख्य रुग्ण मॉर्फिनला मुकले. २०१४ साली त्या कायद्यात दुरुस्ती करावी लागली. अफूची भीती ही वेदनेकडे दुर्लक्ष करण्याची सबब होता कामा नये. ज्याच्या वेदना इतर उपायांनी शमत नाहीत, त्याला श्वासावर लक्ष ठेवून मॉर्फिन देणे हे कर्तव्यच ठरते. अफूविरहित मार्ग खर्च वा श्रम वाचविण्याचा नव्हे. तो अधिक दक्षतेचा आहे, आणि ती दक्षता घेण्याची तयारी असेल तरच त्याचा पुरस्कार करावा.